चार खांदे

आमच्या गावच्या सर्वधर्मीय समितीने निषेधाचं पत्रक लिहायला मला बोलावलं. माझं अक्षर बरं आहे आणि मी मानधन मागत नाही, एवढीच माझी पात्रता. समितीत महाराज, मौलाना, भन्तेजी आणि फादर. जानेवारी 2025 ची विसेक तारीख असेल. चहा झाला, बिस्किटं झाली, मग विषय निघाला.

विषय बस्तरचा होता. छिंदवाडा नावाच्या गावात 7 जानेवारीला एक म्हातारे पास्टर वारले. आजवर त्यांच्या घरातली माणसं गावातच पुरली गेली होती. ह्या खेपेला गाव आडवं आलं. ख्रिश्चनाला इथे माती मिळणार नाही, स्वतःच्या शेतातसुद्धा नाही. मुलगा हायकोर्टात गेला, तिथून सुप्रीम कोर्टात. बाप शवागारात. आपल्याकडे एवढ्यात तेरावं उरकून पाहुणे आपापल्या गावी पोचलेले असतात.

मी पहिलं वाक्य लिहिलं : ‘बस्तरमध्ये घडलेली घटना दुर्दैवी आहे.’

महाराज म्हणाले, “बस्तर कशाला? जागेचं नाव आलं की वाद होतो.” बस्तर खोडलं.

मौलानांना ‘घटना’ खटकली. आज ह्यांची घटना लिहिली, उद्या आमच्या घटनांना वेगळी वही लागेल. ‘घटना’ जाऊन ‘प्रकार’ आला. भन्तेजींनी डोळे मिटून सगळं अनित्य असल्याचं सांगितलं. ते मी लिहून घेतलं नाही.

सगळ्यात सावध निघाले फादर. “कडक काही नको हो, आमची शाळा आहे,” म्हणाले. मी ‘निषेध’ खोडून ‘खंत’ लिहिलं, तेव्हा त्यांनी दुसरा चहा घेतला.

मग ‘पण’ आला. आपल्या देशात ख्रिश्चनांबद्दलचं कुठलंही वाक्य ‘पण’शिवाय घराबाहेर पडत नाही. 1998 च्या नाताळात डांगमध्ये, आपल्या नाशिकला लागूनच, चर्चवर हल्ले झाले. पंतप्रधान वाजपेयी तिथे जाऊन आले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी म्हणाले. ती परंपरा महाराजांनी पुढे चालवली : “पण सक्तीचं धर्मांतरही तितकंच निषेधार्ह, हे घाला.” शवागारातला माणूस आता कुणाचं धर्मांतर करणार, असं मी विचारलं. “तत्त्व म्हणून घाला,” ते म्हणाले. घातलं.

“एखादं परदेशातलं उदाहरण द्या,” फादरांनी सुचवलं. ह्यात त्यांना एकट्याला दोष देता येत नाही. 23 डिसेंबरलाच दिल्लीत बिशपांच्या परिषदेच्या नाताळ सोहळ्यात पंतप्रधानांनी जर्मनीतल्या नाताळ बाजारावरच्या आणि श्रीलंकेतल्या चर्चवरच्या हल्ल्यांचं दुःख बोलून दाखवलं होतं. दुःख जितकं लांबचं तितकं ते निर्मळ असतं. बस्तर पडलं गडचिरोलीच्या पलीकडे, म्हणजे फारच जवळ.

शेवटी मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, महाराज, रावण पडल्यावर वैर संपलं म्हणून रामाने विभीषणाला अंत्यसंस्कार करायला लावले, हे तुम्ही दर सप्ताहात डोळ्यांत पाणी आणून सांगता. अफजलखानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे, ती तर शत्रूची. पत्रक राहू द्या. तुम्ही चौघं छिंदवाड्याला चला. त्या पेटीला चारच खांदे लागतात आणि तुम्ही बरोबर चार आहात.

खोलीत शांतता पसरली. मला वाटलं, लागलं कुठेतरी.

“पुढे कोण धरणार?” महाराजांनी विचारलं.

मौलानांचं म्हणणं पडलं की उजवी बाजू आधी ठरवावी. फादर म्हणाले, मी मागे राहीन, फोटोत नसलेलंच बरं. ह्यावर दीड तास गेला आणि एक उपसमिती नेमली गेली.

27 तारखेला निकाल आला. दोन न्यायमूर्तींचं जमलं नाही. एक म्हणाल्या, त्याच्या शेतात पुरू द्या. दुसरे म्हणाले, नेमून दिलेल्या जागीच. मोठ्या पीठाकडे धाडावं तर देह आणखी तिष्ठणार, म्हणून दोघांनी मिळून आदेश दिला : वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत, पोलीस बंदोबस्तात पुरा.

समितीला हायसं वाटलं. उपसमिती बरखास्त झाली. मला संध्याकाळी फोन आला, पत्रकात थोडाच बदल आहे. ‘खंत’ काढा, ‘निकालाचा आदर’ लिहा. ‘पण’ तसाच राहू द्या.