संदर्भवाले बाबा

शाळेने आठवीच्या पोरांना सांगितलं ते एवढंच : ‘आपल्या परिसराचा इतिहास’, फुलस्केपची दोन पानं, शेवटी संदर्भ. मुलगा ऐकून क्रिकेटला गेला. बाबा त्याच संध्याकाळी वसई स्टेशनबाहेरून 200 कार्डं, स्केचपेनं आणि पंचिंग मशीन घेऊन आले.

अशी असामी वसई-विरारच्या दर दुसऱ्या सोसायटीत असतेच. ही आमच्या मजल्यावर राहते. ऑफिसला जायला बाबा सकाळी वसईहून आधी उलटे विरारला जातात. तसे बरेच जातात, बसायला मिळावं म्हणून. यांना मांडी हवी असते ती बुटांचा खोका ठेवायला. खोक्यात कार्डं : पोर्तुगीज पिवळे, मराठे भगवे, इंग्रज गुलाबी. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी उकरलेला सोपाऱ्याचा स्तूप तेवढा पांढरा, कारण तोवर रंग संपले होते. एकदा अंधेरीला उतरणाऱ्याचा धक्का लागून अख्खी पेशवाई बाकाखाली सांडली. चौथ्या सीटवाल्याने वाकून चिमाजीअप्पा शोधून दिले.

खरी पंचाईत झाली ती कार्डं लावताना. गाव एकच, पण आपण म्हणतो वसई, पोर्तुगीज म्हणायचे बसाईं, इंग्रज बसीन, आणि 1739 मध्ये जिंकल्यावर मराठ्यांनी त्याचं केलं बाजीपूर. मग कार्ड ‘व’मध्ये की ‘ब’मध्ये? यात एक रविवार गेला. त्यात वसईचे तह दोन : 1534 चा, गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगिजांशी केलेला आणि 1802 चा, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला. दोन्ही एकाच पाकिटात निघाले तेव्हा बाबांनी घर डोक्यावर घेतलं. ‘‘अगं, 268 वर्षांचा फरक आहे!’’ वहिनी कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या.

किल्ला पडल्याची तारीख पुस्तकागणिक वेगळी निघाली, तर त्याचं कारण मला लिफ्टमध्ये ऐकावं लागलं : इंग्रजांचं पंचांग 1752 पर्यंत जुनंच होतं, 11 दिवस मागे. ते पूर्ण समजेपर्यंत मी तळमजल्यावर दोनदा पोचलो. वसईच्या किल्ल्यातली पोर्तुगीज घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे, हे कार्ड पक्कं करायला तर गृहस्थ शनिवारी एसटीने नाशिकला जाऊन घंटा बघून आले. प्रकल्पाची ओळ एक नव्हती. ‘‘संदर्भ नीट लागू देत, मग लिहायला काय, तासाभराचं काम!’’

रविवारी रात्री मुलाने जेवणानंतर बसून दोन पानं खरडली. महिनाभर ताटावर हेच कानावर पडत होतं, त्याला उघडायचं तरी काय होतं! शेवटी लिहिलं, ‘संदर्भ : बाबा.’

मी विरजण मागायला गेलो होतो, म्हणून पुढचं पाहिलं. बाबांनी पान हातात घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, गळा दाटून आला.

‘‘आणि पान नंबर?’’ ते म्हणाले.