टायरासमोरचे आयडलर

हिंगण्याच्या एमआयडीसीत मी रोलर बनवतो. खाणीतला कोळसा ज्या रबरी पट्ट्यावरून पुढे जातो, त्या पट्ट्याखाली फिरणारी ही नळकांडी. त्यांना मोटर नसते, पट्टा नेईल तसं फिरायचं. म्हणून धंद्यात त्यांना आयडलर म्हणतात. चोवीस तास राबणाऱ्याला ‘रिकामटेकडा’ हे नाव देणाऱ्या साहेबाच्या घरी नोकरचाकर बरेच असावेत.

भारतीय खाण ब्यूरो नागपुरात, मँगनीज काढणारी मॉइल नागपुरात, वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपुरात. आणि आम्ही स्टॉल मांडला कोलकात्याला! कोल इंडिया तिथे, म्हणून खाणयंत्रांची दोन वर्षांनी भरणारी जत्राही तिथेच, न्यू टाउनच्या इको पार्कात. गीतांजली एक्स्प्रेसने मी, भाचा, चार रोलर आणि पाच किलो संत्रा बर्फी रवाना झालो.

9 चौरस मीटरचा स्टॉल : तीन भिंती, एक टेबल, दोन खुर्च्या आणि कपाळावर नावाची पट्टी. फॉर्म भरताना कंपनीच्या रकान्यात मी घाईघाईत मालाचं नाव लिहिलं होतं. त्यामुळे ‘आयडलर्स’ अशा ठळक इंग्रजी अक्षरांखाली आम्ही मामा-भाचे हात बांधून बसलो.

“मामा, लोक हसून राहिले ना.”

“हसू दे बाप्पा. हसायला थांबतात तरी.”

समोर 240 टनी डंपरचा टायर उभा होता, दोन माणसं एकावर एक उभी केली तरी वर उरेल एवढा. प्रत्येकाला त्यापुढे फोटो हवा. भाचा फोटो काढून द्यायचा, मी बर्फी द्यायचो. मग खाल्ल्या बर्फीला जागून लोक विचारायचे, “तुम्ही काय बनवता?”

रोलर ओझ्याने मरत नाही, धुळीने आणि पाण्याने मरतो. सीलमधून ती आत शिरली की बेअरिंग धरतं, रोलर थांबतो, पट्टा मात्र घासतच राहतो. पत्रा झिजून सुरीसारखा होतो आणि पट्टाच चिरतो. रोलर तापला तर कोळशाच्या भुकटीला आग. म्हणून आमचा रोलर काचेच्या टाकीत, पाण्यात फिरता ठेवला होता. बाहेरून ओला, आतून कोरडा. पाणी दिसलं की आपल्या माणसाचा हात खिशात जातोच. पहिल्या दिवशीची रोख कमाई : 7 रुपये, सगळी टाकीच्या तळाशी.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले. त्यांनी टायराकडे पाहिलं नाही, बर्फीला हात लावला नाही. टेबलावरचा रोलर हाताने फिरवला, कान लावला आणि स्वतःशीच पुटपुटले, “बरा फिरतोय.”

मराठी! चंद्रपूरकडच्या खाणीतले निघाले. त्याच खाणीच्या फाटकावर मी उन्हाळ्यात तीनदा उभा राहिलो होतो आणि तिन्ही वेळा “साहेब फेसवर आहेत”, म्हणजे प्रत्यक्ष कोळसा काढतात तिथे, हे ऐकून परतलो होतो. घरापासून दीडशे किलोमीटरवरचा हा माणूस भेटायला अकराशे किलोमीटर यावं लागलं. पण इथे त्यांना फेस नव्हता, फोन नव्हता, आणि गाडी रात्रीची होती. चाळीस मिनिटं बसले. “रोलरच्या टोकावरच्या टोपीच्या कडेला चिखल धरतो हो तुमच्या. जरा उतार द्या तिथे,” म्हणाले. हे मला कारखान्यात बसून सात जन्मांत कळलं नसतं. जाताना बर्फी मात्र दोनदा घेतली.

पुढच्याच महिन्यात, उतार दिलेले सहा रोलर घेऊन मी त्यांच्या फाटकावर गेलो. या वेळी गेटपास तयार होता. नावाच्या जागी लिहिलं होतं : श्री. आयडलर.