आवाज क्लिअर हाय!

कर्जत-खालापूरकडे लग्न ठरलं की मुहूर्ताच्याही आधी दोघांच्या तारखा घ्याव्या लागतात, हॉलवाल्याची आणि शूटिंगवाल्याची. भटजी ऐनवेळीही मिळतात. शूटिंगवाला मात्र घरचाच लागतो, कारण थोरल्याच्या लग्नाचं शूटिंग त्यानेच केलेलं असतं आणि त्या लग्नाचा अल्बम अजून त्याच्याकडेच असतो.

वय चाळिशीचं. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. एका खिशात बॅटऱ्या, दुसऱ्यात मेमरी कार्डं, तिसऱ्यात काळी चिकटपट्टी आणि उरलेल्या सगळ्यांत रबरं. मिठाईच्या खोक्याची रबरं, नोटांच्या पुडक्याची रबरं, सायकलच्या ट्यूबमधून कापलेली रबरं. या रबरांचं कारण कळायला घराण्याचा इतिहास थोडा माहीत हवा. वडील पॅनासॉनिकचा एम-९००० खांद्यावर घेऊन व्हीएचएसच्या कॅसेटी भरायचे. त्या कॅमेऱ्याला माईक जन्मजातच पुढे बसवलेला असे, त्यामुळे वडिलांचं आयुष्य सुखात गेलं. मुलाने डीएसएलआर घेतला. चित्र झकास, आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा! वर, फोकस शोधताना लेन्सची मोटर घुर्र घुर्र करायची आणि ती बरोबर मंगलाष्टकांत उमटायची. म्हणून मग तो मुंबईहून वेगळा माईक घेऊन आला. तेव्हापासून त्याचा खरा धंदा शूटिंगचा राहिला नाही, माईक बसवण्याचा झाला.

कॅमेऱ्याच्या टाळूवर एक लोखंडी खाच असते, तिला ‘शू’ म्हणतात. ती मुळात फ्लॅशसाठी. माईकचा पाय त्यात सरकवायचा आणि चाक फिरवून आवळायचा, एवढंच काम. पण स्वस्तातला पाय त्या खाचेत कधी नीट बसत नाही, डुगडुगतो. यावर आपल्या माणसाचा उपाय ठरलेला आहे. तो यजमानांकडून एक लग्नपत्रिका मागून घेतो, गणपतीचं चित्र सांभाळून तिचा खालचा कोपरा फाडतो, दोनदा दुमडतो आणि पाचर म्हणून खाचेत ठोकतो. ज्याचं लग्न त्याचीच पत्रिका, हा त्याचा नियम. दुसऱ्याच्या पत्रिकेची पाचर अपशकुनी म्हणे.

इथवर सोपं असतं. पुढची भानगड अशी की माईक घट्ट बसवला तर कॅमेऱ्यावरून फिरणारं प्रत्येक बोट त्याला ऐकू येतं. झूमची खरखर, पट्ट्याची कुरकुर, अंगठीची टकटक, सगळं दांडीतून थेट आत. म्हणून चांगला माईक रबरांच्या पाळण्यात टांगतात. म्हणजे घट्टही हवा आणि अधांतरीही हवा. हा प्रश्न भल्याभल्यांना संसारात सुटलेला नाही. आपला माणूस तो मांडवात, सनई सुरू असताना, दातात रबर धरून सोडवत असतो. मिठाईचं रबर वैशाखात पिठासारखं तुटतं. ट्यूबचं टिकतं, पण त्याने माईक मान टाकतो आणि मग संपूर्ण कन्यादानात वरच्या बाजूला काळी दांडी डोलत राहते. ट्यूबच्या वर चिकटपट्टी मारली की दांडी डोलायची थांबते आणि खरखर परत येते. लाइट धरणारा पोऱ्या हे सगळं थंडपणे पाहतो. त्याला दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न येतो, “आवाज येतो का रे?” आणि तोही कानाला हेडफोन न लावता एकच उत्तर देतो, “आवाज क्लिअर हाय!”

वाऱ्यासाठी माईकला केसाळ टोपी घालावी लागते. ती विकत मिळते, पण याने लेकीच्या टेडी बेअरची पाठ कापून शिवली. लेक आठवडाभर बोलली नाही. मांडवातली पोरं त्या टोपीला भीत भीत हात लावून बघतात, चावत नाही हे पटलं की ओढतात. सुप्रीम कोर्टाने 2021च्या डिसेंबरात बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, तेव्हा बैलवाल्यांइतकाच हाही खूश झाला होता. शर्यतींच्या शूटिंगमध्ये, उघड्या माळावरच्या वाऱ्यात, टेडीची खरी कसोटी लागणार होती. टेडी पास झाला. शर्यतीचं लाइव्ह पाहिलेले लोक सांगतात की वारा अजिबात ऐकू आला नाही, शेजारच्या भेळवाल्याचा हिशेब मात्र स्वच्छ ऐकू आला.

इथेच खरी मेख आहे. आवाज उघड्यावर पसरताना अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबलने उतरतो. माईक कितीही पक्का बसवा, तो बसणार कॅमेऱ्यावर, आणि कॅमेरा असणार बोहल्यापासून पंधरा फुटांवर. म्हणून हळदीच्या रात्री लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण जिवाच्या आकांताने धवले म्हणते आणि चित्रफितीत फक्त डीजे येतो. नवरीने लाजत घेतलेला उखाणा येत नाही. सगळ्यात स्वच्छ कोणाचा आवाज येतो, तर कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ असलेल्या माणसाचा, म्हणजे याचाच. “नवरी, इकडं बघा.” “काका, वाकून जा.” “परत एकदा घाला हार.” तालुक्यातल्या निम्म्या संसारांचा आरंभ याच्या आवाजात झाला आहे.

चौक-कर्जत रस्त्यावर नितीन देसाईंनी 2005 साली स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चा किल्ला तिथे लागला, तेव्हा खुर्च्या पोचवायच्या निमित्ताने हा आत जाऊन आला होता. ती हकीकत तो आजही सांगतो. तिथे एक माणूस लांब काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा होता, काठीच्या टोकाला माईक, आणि माईक नटांच्या तोंडाजवळ. कॅमेरा कुठल्या कुठे लांब! हे पाहून दुसऱ्या कोणाच्याही डोक्यात प्रकाश पडला असता. याचं मत पडलं ते असं, “एवढा पैसा लावला, पण कॅमेऱ्यावर माईक बसवणारा माणूस नव्हता त्यांच्याकडे.”

त्याला चूक म्हणायची आपली छाती नाही. छोटा माईक नवरदेवाच्या कॉलरला लावा, असं एका मुंबईच्या पाहुण्याने सुचवलं होतं. यावर त्याने पाहुण्याला आपल्या माईकची करामत ऐकवली. पुण्याच्या गाडीला घाट चढवायला कर्जत स्टेशनात मागून इंजिन लागतं, त्याचा भोंगा याने नदीपलीकडे दहिवलीत, भरल्या मांडवात टिपला होता. भोंगा खरोखरच सुरेख आला होता. त्याच वेळी नवरीचे वडील काहीतरी बोलत रडत होते. ते काय म्हणाले हे आता त्यांनाही आठवत नाही.

शिवाय माईकची एक वेगळीच सामाजिक कामगिरी आहे. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या कॅमेऱ्याला चिकटून असतात. तिथे बसलेल्या मावश्या जे बोलतात ते सगळं त्यात उतरतं. “हळदीच्या मटणात मीठच नव्हतं.” “सांगितलं होतं तेवढं सोनं कुठाय?” दोन महिन्यांनी पेनड्राइव्ह येतो, सगळं घर टीव्हीपुढे बसतं आणि सप्तपदीच्या पाचव्या पावलाला दोन घरांचं बोलणं बंद होतं. याला विचारलं तर म्हणतो, “माईक चांगला असला की असं होणारच.”

तेव्हा यंदा वैशाखात कर्जत-खालापूरकडे लग्नाला आलात, तर जेवणाबद्दल आणि दागिन्यांबद्दल जे काय बोलायचं ते पार्किंगमध्ये बोलून घ्या. मांडवात केसाळ टोपीची दांडी दिसली की नवरीचं तोंडभरून कौतुक करा. माईक पक्का बसवलेला आहे.