श्री. पॅसिव्ह व्हॉइस यांना अनावृत पत्र

श्री. पॅसिव्ह व्हॉइस यांस,
कुरुंदवाडहून एका शिकवणीवाल्याचा सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, आपल्याला आमच्या गावचं नागरिकत्व द्यावं असा माझा विचार आहे. दहावीच्या पोरांकडून बारा टेन्स घोटवून घ्यायला मला दिवाळी उजाडते. कॅन, कुड, मे, माइट होईतो नाताळ येतो. आपण मात्र आल्या आल्या रुळलात. वाक्यातला कर्ता पुसायला सांगितला की ढ पोरसुद्धा एका झटक्यात पुसतं. घरचाच सराव आहे.

आमचं गाव पंचगंगा-कृष्णेच्या काठचं. तिकडे कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ वर गेलं की धोका पातळी. मग इकडे मोबाईलवर आपली मराठी भावंडं यायला लागतात. ‘विसर्ग वाढवण्यात आला आहे.’ ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ पहिल्या वाक्यात कर्ता नाही, दुसऱ्यात ठसठशीत आहे. पाणी सोडताना कुणी नसतं, सतर्क राहायला मात्र आम्ही असतो. ही कामाची वाटणी कोणत्या व्याकरणात बसते ते कळवावे.

परवा फळ्यावर लिहिलं, ‘वॉटर वॉज रिलीज्ड.’ मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, बाय कोन?’ मी पुस्तकातला नियम सांगितला: कर्ता ठाऊक नसेल किंवा महत्त्वाचा नसेल तर ‘बाय’ गाळावा. पोरगं म्हणालं, ‘२०१९ ला आमची म्हस गेली की वो सर. म्हत्त्वाचा न्हाई म्हंजे?’ नियमाला अपवाद असतात, एवढं म्हणून मी पुढच्या वाक्याकडे वळलो.

राधानगरी धरणाचं ठीक आहे. तिथले दरवाजे स्वयंचलित; पाणी चढलं की आपोआप उघडतात. ‘दरवाजा उघडला’ हे अकर्मक वाक्य, आणि अकर्मकाचा पॅसिव्ह होत नाही. तिथे आपल्याला कामच नाही. शिवाय ते धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं, हे आमची पोरं झोपेतसुद्धा ॲक्टिव्हमध्ये सांगतात. चांगल्या कामाला कर्ता कसा लगेच सापडतो, पाहा.

मोडल क्रियापदांचा धडा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर चालतो. त्याची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायची म्हटलं की कर्नाटक ‘विल’ म्हणतं, महाराष्ट्र ‘शुड नॉट’ म्हणतो आणि शिरोळ तालुका माळ्यावर सामान चढवतो. ‘मे’ आणि ‘माइट’मधला फरक तर मला शिकवावाच लागत नाही. पाणी ‘मे’ येतं, जनावरं न्यायला ट्रॉली ‘माइट’ येते.

पूर ओसरल्यावर टेन्सची उजळणी. पंचनामे करण्यात येतील, करण्यात येत आहेत, करण्यात आले आहेत. मदतीचा कंटिन्युअस तर फारच लांबतो. साधा भूतकाळ तेवढा आमच्याकडे: भिंत पडली. २००५, २०१९, २०२१, कुठलंही साल घाला, वाक्य बरोबर येतं.

उन्हाळ्यात पंचगंगा काळी पडते आणि तेरवाड बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच पडतो. ‘पाणी दूषित झाले’ असं छापून येतं. इथे तर आपलीही गरज लागली नाही. पाण्याने स्वतःच मनावर घेतलं म्हणायचं.

आता थोडी तक्रार. कर्मणी प्रयोग मराठीला नवा नाही. ‘रामाने आंबा खाल्ला’ हाही कर्मणीच, पण राम तिथेच, आंब्याशेजारी उभा आहे. ‘आजीला आता घाट चढवत नाही’ या शक्य कर्मणीत आपला कॅन-कॅनॉट सगळा येतो, तरी आजी वाक्याबाहेर जात नाही. आपल्या वळणाने जो नवीन कर्मणी आला त्यातसुद्धा ‘रामाकडून’ होतं. ते ‘कडून’ कचेरीत शिरल्यावर कुठे गहाळ झालं, याचा तपास करण्यात येत आहे. (कुणाकडून, ते विचारू नये.)

तेव्हा विनंती अशी: आपण पुस्तकात सुखाने राहावं, बोर्डाच्या पेपरात यावं, पोरांना मार्क मिळवून द्यावेत. फक्त जूनच्या आत विसर्गाच्या वाक्यातला ‘बाय’ भरून पाठवावा. ‘बाय समवन’ चालणार नाही. त्याला मी शून्य देतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक शिकवणीवाला
कुरुंदवाड, ता. शिरोळ