मडगार्ड नसलेला पाहुणा

फ्रान्सच्या नैऋत्येला लाबास्तीद दार्मान्याक नावाचं खेडं आहे. तिथं शेतांच्या मध्ये एक जुनं, बुटकं चर्च उभं आहे आणि ते चक्क सायकलवाल्यांच्या मातेचं आहे. जोझेफ मासी नावाच्या पाद्रीबुवांना सायकलीचं वेड होतं. इटलीत गिझाल्लोच्या घाटमाथ्यावरच्या मेरीमातेला पोपनं 1949 मध्ये सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून मान्यता दिली. तेव्हा फ्रान्सच्या सायकलवाल्यांनी काय घोडं मारलंय, असं म्हणत मासींनी खटपट केली आणि 1959 मध्ये हे चर्च त्यांना मिळवून दिलं. आत आता नवसाचे पाळणे टांगावेत तशा नामांकित शर्यतपटूंच्या जर्सी टांगलेल्या आहेत. 1989 मध्ये तूर द फ्रान्सचा एक टप्पा याच गावातून सुटला होता.

ही सगळी माहिती भाच्यानं कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये मामांच्या ओट्यावर बसून सांगितली. भाचा ल्याँ शहरात नोकरीला. रविवार उजाडला की सायकल काढायची, द्राक्षमळ्यांतून निघायचं आणि एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यावरचा धातूचा कोंबडा मागं पडला की पुढच्या गावच्या कोंबड्याच्या रोखानं पायडल मारायचं, असा त्याचा नेम. शंभर-शंभर किलोमीटर जावं, पण रस्त्यात चिटपाखरू भेटत नाही, कुणी एका शब्दानं हटकत नाही, असं तो मोठ्या अभिमानानं म्हणाला.

मामांना वाईट वाटलं. "एवढ्या लांब जायचं आन् कुणी च्या बी इच्यारत न्हाई?"

सुट्टीला येताना भाच्यानं विमानातून सायकल आणली होती. ओट्यावर ती जोडून झाल्यावर मामांनी पाहणी केली. मडगार्ड नाही. कॅरेज नाही. स्टँड नाही. घंटी नाही. साखळीला कव्हर नाही. मामांचा चेहरा पडत गेला. शेवटी त्यांनी एका हातानं सायकल उचलून पाहिली आणि किंमत विचारली. भाच्यानं निम्मीच सांगितली. तरीही मामा खाली बसले. वजन जेवढं कमी तेवढी किंमत जास्त, हे भाच्याचं स्पष्टीकरण ज्याचा ऊस आयुष्यभर काट्यावर टनानं मोजला गेला त्या माणसाला पटणं शक्यच नव्हतं. कारखाना या हिशेबानं पैसे द्यायला लागला तर वाळका ऊस घालून आपण बंगला बांधू, असं ते म्हणाले.

भाच्याचा बेत असा होता की फ्रान्समध्ये चर्चं करतो तशी इथं देवळं करायची. करंजे, लोणी भापकर, मोरगाव आणि जमलं तर इंदापूर तालुक्यातलं पळसदेव. सराव म्हणून पहिल्या संध्याकाळी करंज्याचा सोमेश्वर ठरला. नीरा-बारामती रस्त्यावर ऐन गळिताच्या हंगामात सायकल चालवणं म्हणजे काय, हे त्याला दहा मिनिटांत कळलं. पुढं दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर आभाळाला टेकलेला ऊस, ड्रायव्हरच्या डोक्यावर कर्णा आणि त्यातून साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं गाणं. मागून ऊसतोड कामगारांच्या टायरगाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यात घुंगरं. फ्रान्सच्या शांत रस्त्यांत एवढी करमणूक नाही. शर्यतीतले सायकलवाले वारा चुकवायला पुढच्याच्या मागं दडून चालवतात. भाच्यानं तीच युक्ती ट्रेलरमागं करून पाहिली. वारा चुकला, पाचट चुकलं नाही. मागच्या गाडीवरच्या पोरानं त्याच्याकडे एक कांडं फेकलं. त्यानं ते झेललं, पण शर्यतीच्या सायकलीवर ऊस खायचा कसा, याचं शिक्षण त्याला ल्याँमध्ये मिळालेलं नव्हतं.

सोमेश्वराच्या देवळात पुढचा प्रश्न उभा राहिला. चर्चमध्ये शिरताना टोपी काढतात आणि पायातलं पायात ठेवतात. आपल्याकडे टोपी चालते, पायातलं चालत नाही. भाच्याचे बूट पायडलमध्ये खटकन अडकणारे, तळाला टणक पट्टी असलेले. ते घालून तो फरशीवर टकटक करत आला तेव्हा पायरीवरच्या बायांनी वळून पाहिलं, आणि बूट काढून आत गेला तेव्हा त्याचे घट्ट कपडे नीट दिसले. "शिंप्यानं कापड चोरलं का रं लेकरा?" एका आजीनं विचारलं. भक्ताच्या ओढीनं सौराष्ट्रातला सोमनाथ इथं येऊन राहिला, अशी या देवळाची कथा. श्रावणात इथं मोठी गर्दी होते. घरी परतल्यावर मामांनी त्यावरून टोला हाणलाच. "देव हजारभर किलोमीटर आला, त्याला कुठं आसली इजार लागली?"

दुसऱ्या दिवशी पहाटे भाचा उत्तरेला निघाला. बारामती तालुका समजून घ्यायचा तर तो सायकलवरूनच घ्यावा; मोटारीत चढ कळत नाही. 1876-77 च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी हाती घेतलेला नीरा डावा कालवा इथून जातो. पाणी उताराला, म्हणजे नदीच्या अंगाला वाहणार, त्यामुळे कालव्याखाली ऊस, केळी, गारवा आणि डास. कालव्याच्या वर गेलं की माळ, मेंढरं आणि वेड्या बाभळी. एकाला बागायत म्हणतात, दुसऱ्याला जिरायत, आणि सोयरीक जुळवताना हा फरक पत्रिकेआधी पाहिला जातो. भाच्याला तो पत्रिकेशिवाय कळला. पाच मिनिटांपूर्वी अंगावर काटा आणणारा गारठा गेला, मागच्या चाकातून सुस्कारा निघाला आणि टायरात रुतलेला बोटभर काटा त्यानं हातात धरून पाहिला.

लोणी भापकरच्या अलीकडं एक पंक्चरचं दुकान सापडलं. दुकानदारानं ट्यूब ओढून काढली आणि तिच्या बारीक, लांबुडक्या तोटीकडं बराच वेळ बघितलं. ही तोटी जगभर फ्रेंच व्हॉल्व्ह म्हणून ओळखली जाते. "ह्ये सायकलचं वाटत न्हाई," तो म्हणाला, "दवाखान्यातलं वाटतंय." त्याचा पंप तिला बसेना. शेवटी त्यानं खोकं धुंडाळून एक पितळी तुकडा काढला, त्यात रबर कोंबलं आणि हवा भरून दाखवली. पैसे विचारल्यावर म्हणाला, "पंक्चरचे वीस. डोकं चालवल्याचं काय न्हाई." तोवर शाळेची पोरं जमली होती. नुकतीच, जानेवारी 2026 मध्ये, पुणे ग्रँड टूर नावाची 437 किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत जिल्ह्यात होऊन गेली होती आणि तिचा पुरंदरहून सुटलेला एक टप्पा बारामतीत संपला होता. रस्ते चकचकीत झाले, देशोदेशीचे स्वार वाऱ्यासारखे निघून गेले. पोरांनी भाच्याचं हेल्मेट, चष्मा, कपडे निरखले आणि एकानं काळजीनं विचारलं, "काका, तुम्ही मागं राहिला व्हय? शर्यत कवाच संपली की."

लोणी भापकरचं मल्लिकार्जुन मंदिर यादवकाळातलं मानतात. कोरीव खांब, समोर पायऱ्यापायऱ्यांची दगडी पुष्करणी, आणि या सगळ्यांवर ताण करणारा एक वराह. हा माणसाच्या धडाचा, सुळ्यावर पृथ्वी तोलणारा वराह नव्हे. हा चार पायांवर उभा असलेला खराखुरा प्राणी, यज्ञवराह. अंगावर झूल घातलेली, आणि त्या झुलीवर ओळीनं कोरलेल्या विष्णूच्या छोट्या छोट्या मूर्ती. ज्या प्राण्याला गावात शिरला की पोरं दगड मारतात, त्याच्या पाठीवर शिल्पकारानं अख्खं वैकुंठ बसवलं आहे. महाराष्ट्रात असे वराह फार थोडे. ही मूर्ती कुठल्या युरोपी खेड्यात असती तर शेजारी तिकीटखिडकी, आठवणवस्तूंचं दुकान आणि वराहाच्या आकाराचं चॉकलेट निघालं असतं. इथं शेजारी एक कुत्रं झोपलं होतं. हे बरं की वाईट, यावर दोन मतं होऊ शकतात. कुत्र्याचं एकच होतं.

बूट काढून, बाराच्या उन्हात, तापलेल्या दगडांवरून मूर्तीची चारी अंगं बघायची म्हणजे शिल्पकलेचा अभ्यास फारच जलद होतो. भाच्यानं त्या सकाळचा सर्वांत मोठा वेग सायकलीवर नव्हे, तर पुष्करणी ते सभामंडप या अंतरात गाठला.

मंडपाच्या सावलीत तीन म्हातारे बसले होते. भाच्याला अशा सोबतीची सवय नव्हती. फ्रान्समध्ये चर्च आणि राज्य यांची 1905 च्या कायद्यानं फारकत झाली. त्याआधीची गावोगावची चर्चं नगरपालिकांच्या मालकीची ठरली. पाद्री कमी, भाविक त्याहून कमी, त्यामुळे आडवारी कित्येक चर्चना कुलूप असतं आणि किल्ली नगरपालिकेच्या कचेरीत, जी दुपारी बंद असते. भाच्यानं अशी कितीतरी चर्चं बाहेरूनच बघितलेली. लोणीत कुलूप नव्हतं, पण मंडपातली चौकशी चुकणार नव्हती. कुठलं? कोऱ्हाळे. बुद्रुक का खुर्द? बुद्रुक. कुणाकडं? मामांचं नाव निघालं. मग मामांचे वडील निघाले, त्यांनी 1972 च्या दुष्काळात विकलेली बैलजोडी निघाली, ती विकत घेणाऱ्याचा जावई निघाला आणि तो याच तिघांतला मधला म्हातारा होता. यापुढं भाच्याला जेवल्याशिवाय सोडणं कुणाच्याच हातात राहिलं नाही.

त्यानं खरं तर फक्त पाणी मागितलं होतं. फ्रेंच सायकलवाले चर्चलगतच्या दफनभूमीतल्या नळावर बाटल्या भरून घेतात. फुलांसाठी ठेवलेला नळ, विचारायला कुणी नाही, सोय उत्तम. इथं पाण्याचा तांब्या आला, मागोमाग ताक आलं, मग बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि कांदा फोडणारी मूठ. मनगटावरचं घड्याळ दर थोड्या वेळानं गुरगुरून 'हालचाल करा' असं सांगत होतं. सरासरी वेग बघायचं धाडस त्यानं मोरगावला पोहोचेपर्यंत केलं नाही, आणि मग बघून घड्याळ खिशात घातलं.

मोरगावला कऱ्हा नदी. ब्रह्मदेवाचा कमंडलू लवंडला आणि त्यातून ही नदी निघाली, अशी आख्यायिका आहे. फेब्रुवारीत तिच्या पात्राकडं बघितलं तर ब्रह्मदेवानं तो वेळीच सरळ केला असावा असं वाटतं. अष्टविनायकांतला पहिला मान मयूरेश्वराचा. उंच तट आणि चार कोपऱ्यांवर चार मिनार, त्यामुळे देऊळ लांबून मशिदीसारखं दिसतं. चढाईच्या काळात ते वाचावं म्हणून अशी रचना केली, असं सांगतात. पण सायकलवाल्यानं थांबावं ते दारासमोर. तिथं गणपतीकडं तोंड करून भलामोठा नंदी बसलाय. गणपतीपुढं नंदी हे कोड्यात टाकणारं दृश्य. त्याची गोष्ट अशी सांगतात की हा नंदी निघाला होता भुलेश्वराच्या शंकराकडं. मोरगावात गाड्याचं चाक मोडलं. नंदी उतरवला, आणि मग काही केल्या तो उठेना. स्वप्नात येऊन म्हणाला, आता मी इथंच.

भाच्यानं ही गोष्ट नारळवाल्याकडून ऐकली आणि त्याचा चेहरा उजळला. फ्रेंचांनी सायकलवाल्यांचं दैवत 1959 मध्ये नेमलं. आपल्याकडं चाक निकामी झाल्यामुळे मुक्कामाला राहिलेला प्रवासी शतकानुशतकं शेंदूर-फुलं घेत बसलाय आणि एकाही सायकल क्लबाचं तिकडं लक्ष नाही. त्यानं नंदीपुढं नारळ फोडला. चाकातली, पितळी तुकड्यानं हवा भरलेली ट्यूब वाहावी की काय, असाही विचार त्याच्या मनात आला, पण पुढं अजून काटे होते.

पळसदेवला मामा बरोबर निघाले. बरोबर म्हणजे मागून, पिकअपमध्ये, कारण वाटेत भिगवणच्या बाजारातून त्यांना पेंड आणायची होती आणि भाच्याचा भरवसा उरला नव्हता. भिगवणनंतर उजनीचं पाणी दिसायला लागतं. थंडीत इथं रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागं कॅमेरेवाले. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि त्याच्या फुगवट्यात नदीकाठची गावं गेली. जुनं पळसदेव त्यांतलंच. गाव वर येऊन बसलं, देवासाठी नवं देऊळ झालं. पळसनाथाचं शेकडो वर्षांचं दगडी देऊळ मात्र होतं तिथंच, पाण्याखाली राहिलं. उन्हाळ्यात धरण रिकामं होऊ लागलं की शिखर वर येतं, आणि पावसानं फारच ओढ दिली तर अख्खं देऊळ, खांब, वीरगळ सगळं उघडं पडतं. मग माणसं होडीनं, नंतर चालत आणि शेवटी मोटारसायकलीवरून दर्शनाला जातात.

फेब्रुवारीत समोर फक्त पाणी होतं.

"तिकडं हाय," होडीवाल्यानं बोट दाखवलं. भाच्यानं बोटाच्या दिशेनं फोटो काढला. त्यात पाणी आणि बोट आलं.

"पुरं देऊळ कधी बघायला मिळेल?" त्यानं विचारलं.

"पाऊस चांगला झाला तर कशाचं? शिखर बघायचं आसंल तर मे महिन्यात या. पर मुळापासनं बघायचं तर दुष्काळच पायजे." होडीवाल्यानं खिशातून फोन काढला. "नंबर द्या सायेब. कडक दुष्काळ पडला की पयला फोन तुमाला."

भाचा आकडे सांगू लागला. पाच आकडे झाले असतील, तेवढ्यात पेंडीच्या पोत्यांवरून मामा खाली उतरले. नवी लागण उभी होती, कालव्याच्या पाळीचं अजून नक्की नव्हतं.

"खोड त्यो नंबर," ते होडीवाल्याला म्हणाले. "खोड आदी. ह्येला चर्चंच बघूं दे."