दहावी दोन वर्षांवर आली

सातवीचा निकाल लागला की मुलाचं वय एका वर्षानं वाढतं आणि आईबापांचं एकदम पाचानं. त्या दिवसापासून कुणीही विचारलं, "यंदा कितवीला?" आणि आपण "आठवीला" म्हणालो की समोरचा लगेच हिशेब मांडतो, "म्हणजे दहावी दोन वर्षांवर आली की!" हीच माणसं गाडीचा विमा संपल्यावर आठवड्यानं भरतात आणि साखर तपासायची चिठ्ठी खिशात घेऊन लग्नात जिलबी खातात. पण दुसऱ्याच्या मुलीची दहावी त्यांना दोन वर्षं आधी स्वच्छ दिसते. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी तर लिफ्टमध्ये, तळमजला ते चौथा मजला एवढ्या प्रवासात, आमच्या कन्येची आठवी, नववी, दहावी, बारावी आणि सीईटी उरकून टाकली. चौथ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा ती इंजिनिअर होऊनच बाहेर पडली.

पालकसभेत आम्हाला सांगण्यात आलं की आठवी हा नववीचा पाया, नववी हा दहावीचा पाया आणि दहावी हा बारावीचा पाया. राहायला मजले कधी मिळणार, असं विचारायला मी हात वर केला होता. बायकोनं तो खाली ओढला.

पहिला निर्णय जूनमध्येच दारात येऊन उभा राहतो. संपूर्ण संस्कृत की संयुक्त? म्हणजे शंभर मार्कांचं संस्कृत घ्यायचं, की पन्नासचं हिंदी आणि पन्नासचं संस्कृत अशी जोडी लावायची? शाळेनं एक चिठ्ठी दिली होती आणि ती परवापर्यंत सहीनिशी परत हवी होती. त्या रात्री आमच्या घरी जी चर्चा झाली तशी आमचं लग्न ठरवतानाही झाली नव्हती. ज्या भाषेत कालिदासानं ढगाला निरोप सांगून पाठवलं, त्या भाषेच्या बाजूनं आमच्याकडे एकच मुद्दा मांडला गेला : पैकीच्या पैकी पडतात. मावशीनं फोनवरून सांगितलं, "डोळे मिटून संस्कृत घ्या, स्कोअरिंग आहे." आत्यानं सांगितलं, "डोळे उघडा आणि संयुक्त घ्या, रूपं निम्मी पाठ करावी लागतात." आजोबा म्हणाले, "देव चालवायला लागली की पुढचं सोपं असतं." त्यांची स्वतःची गाडी 'देवौ'च्या पुढे कधी गेली नव्हती, हे आजीनं लगेच सभेच्या निदर्शनास आणून दिलं.

कन्या शांतपणे वरणभात जेवत होती. दुसऱ्या दिवशी तिनं संपूर्ण संस्कृतवर खूण करून चिठ्ठी पुढे केली. मला भरून आलं. कारण विचारलं तेव्हा कळलं की बाकावरची मैत्रीण संस्कृतला जाणार आहे आणि तुकड्या वेगळ्या झाल्या तर मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खायचा? आमच्या रात्रभराच्या चर्चेत हा मुद्दा निघालाच नव्हता. सगळ्यांत वजनदार मुद्दा तोच होता, हे मला मान्य करावं लागलं.

त्यानंतर चित्रकला. ज्यांच्या घरी आठवी नाही त्यांच्यासाठी सांगतो : शासकीय रेखाकला परीक्षा नावाची एक गोष्ट असते. तिच्यात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन पायऱ्या. शहाणे लोक एलिमेंटरी आठवीत आणि इंटरमिजिएट नववीत उरकतात, कारण इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीच्या मार्कांत सात वाढीव मार्क मिळतात. बी ला पाच, सी ला तीन. सात भागिले पाचशे म्हणजे एक पूर्णांक चार टक्के. या एक पूर्णांक चार टक्क्यासाठी महाराष्ट्रात दरवर्षी किती मुलं रंगांच्या पाण्यात ब्रश बुडवून बसतात, याचा अंदाज चित्रकारांना असता तर त्यांनी ब्रश खाली ठेवले असते.

कन्येला आम्ही चित्रकलेच्या क्लासला घातलं. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन ठीक होतं. पण स्मरणचित्राची तयारी बघून मी थक्क झालो. स्मरणचित्र म्हणजे विषय ऐनवेळी मिळणार आणि तुम्ही आठवून चित्र काढायचं. क्लासच्या सरांनी यावर तोड काढली होती. त्यांनी मुलांकडून तीन माणसं घोटून घेतली : एक बसलेली बाई, एक पाठमोरा छत्रीवाला आणि एक वाकलेला मुलगा. विषय 'भाजीबाजार' आला तर बाई भाजी विकते, छत्रीवाला भाव करतो आणि मुलगा कांदे निवडतो. 'बसस्टॉप' आला तर बाई बसची वाट बघते, छत्रीवाला पण वाट बघतो आणि मुलगा बुटाची नाडी बांधतो. 'नदीकाठ' आला तर बाई धुणं धुते, मुलगा होडी सोडतो. छत्रीवाल्याचं नदीवर काय काम, असं मी विचारलं. "मार्क छत्रीला असतात, काका," सर म्हणाले, "घडी दाखवता येते."

परीक्षेला विषय आला 'बागेतील एक दृश्य'. बाई बाकावर बसली, मुलगा फूल तोडायला वाकला, आणि छत्रीवाला भर उन्हाळ्यातल्या बागेत पाठमोरा निघून गेला. निकालात बी श्रेणी आली. आजोबा म्हणाले, "बाईंना चेहरा दिला असता तर ए आली असती." चेहरा क्लासमध्ये शिकवला नव्हता.

हे सात-पाच-तीन कुठे जमा होतात, हे कळायला मला जरा वेळ लागला. दहावीला सहा विषय, सहाशे मार्क. पण टक्केवारी काढताना त्यातले सर्वांत चांगले पाच विषय धरतात, म्हणजे पाचशे. वर कलेचे, खेळाचे वाढीव मार्क. म्हणून तर २०२५ च्या दहावीत राज्यात २११ मुलांना शंभर टक्के पडले आणि त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले. आमच्या आजीला हे काही केल्या पटेना. "मराठीच्या निबंधातसुद्धा पैकीच्या पैकी? मग पेपर तपासणाऱ्याला वाचायला दिलाच नसेल." मी तिला बेस्ट फाइव्ह समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सहावा विषय शिकायचाच कशाला?" या प्रश्नाला उत्तर नाही. उलट क्लासवाले आठवीतच विचारतात, कोणता विषय सोडायचा ते ठरलंय का? म्हणजे नियोजनाचा पहिला धडा काय शिकायचं हा नसून काय विसरायचं हा आहे. आमच्या कन्येचं यावर लगेच एकमत झालं. तिनं पाच विषय सुचवले.

क्लासवाल्यांबद्दल मी फार बोलणार नाही, कारण त्यांच्याबद्दल सगळेच बोलतात. ओळखीच्यांनी पाठवलं म्हणून एका ठिकाणी गेलो, तर समुपदेशक म्हणून बसलेल्या तरुणानं भिंतीवरचे फोटो दाखवले आणि आम्ही सहावीत न आल्याबद्दल हळहळ व्यक्त केली. मग त्यानं कन्येकडे वळून, आवाज खाली आणून विचारलं, "बाळा, तुझं ध्येय काय?" ती म्हणाली, "आता घरी जायचं." एवढं स्पष्ट ध्येय असलेली मुलगी त्यानं बहुधा त्या दिवसात दुसरी पाहिली नसावी. तरीही त्यानं माहितीपत्रक दिलंच.

खरं नियोजन बघायचं तर ते आमच्या आजोबांच्या काळातल्या गुरुजींचं. आजोबा अकरावीची जुनी एसएससी झालेले. दहावीला पहिल्यांदा बोर्डाची परीक्षा झाली ती १९७५ मध्ये. आजोबा त्याच्या बरेच आधीचे. त्यांची जन्मतारीख १ जून. त्यांच्या धाकट्या भावाची जन्मतारीख १ जून. त्यांच्या गावातल्या वर्गातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून. मूल शाळेत घालायला आणलं की आईबापांना तारीख आठवत नसे. "पुराच्या वर्षी, भात लावताना झाला" एवढं त्या माउलीला माहीत असे. शाळा जूनमध्ये सुरू. गुरुजी पोराकडे एक नजर टाकत, वय बसेल असं वर्ष काढत आणि १ जून लिहून मोकळे होत. त्याचा परिणाम असा की आजही महाराष्ट्रात ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. नियमच असा आहे की पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. आजोबांच्या खात्यात त्यांच्याबरोबर इतके जण निवृत्त झाले की नारळ कमी पडले आणि दोघांना मिळून एक दिला, असं ते सांगतात. विचार करा. पोरगं पहिलीत पाटी घेऊन उभं आहे आणि गुरुजींनी त्याच्या निवृत्तीचा दिवस नक्की करून टाकला आहे. आठवीपासून फाउंडेशन वगैरे यापुढे पोरकटपणा वाटतो.

आजोबांच्या वडलांनी त्यात भर घातली नाही. एकदा त्यांनी आजोबांना "किती शिकायचं राहिलं अजून?" असं विचारलं होतं, तेही गवत कापताना.

नववीची गोष्ट वेगळी. नववी हे वर्ष कुणालाच नको असतं. आठवीचं कौतुक होतं, दहावीचा धसका असतो, नववी मधल्या मुलासारखी वाढते. पूर्वी तरी तिचा दरारा होता, कारण दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा तर कच्ची मुलं नववीतच अडवून ठेवायची, असा अनेक शाळांचा मूक ठराव असे. तेव्हा घरोघरी धमकी ठरलेली : "अभ्यास कर, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागेल." म्हणजे बाहेरून, खाजगीरीत्या दहावीला बसावं लागेल. आमच्या वाड्यात एकानं तो फॉर्म भरला, पहिल्या झटक्यात पास झाला आणि आता शहरात त्याची तीन दुकानं आहेत. त्यामुळे आमच्या भागात ती धमकी पुढे फार चालली नाही.

कन्येच्या नववीतून मी मात्र बरंच शिकलो. तिच्या इतिहासाच्या पुस्तकात १९६० नंतरचा भारत आहे. त्यामुळे एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, नवं आर्थिक धोरण १९९१ चं. तुम्ही तेव्हा होतात का?" होतो, म्हणालो. "मग त्याचे परिणाम सांगा, चार मार्कांचे." मी सांगायला लागलो की तेव्हा फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला लागायचं, शेजाऱ्यांकडे फोन यायचा, मग एसटीडी बूथ आले, आमच्या कोपऱ्यावरच्या बूथमध्ये मीटर पळायला लागला की आई... "बाबा, हे पुस्तकात नाही. 'उदारीकरण, खासगीकरण, जागतिकीकरण' असं लिहिलं की चालतं." इतिहासात राहूनही मला त्यातले मार्क मिळाले नाहीत. तिला चारपैकी चार पडले.

नववीची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये संपते आणि दहावीची व्हेकेशन बॅच पुढच्या सोमवारी सुरू होते. या बॅचमुळे यंदा गावच्या आंब्यांनी आमच्याकडे यायचं ठरवलं, कारण आम्ही त्यांच्याकडे जाऊ शकत नव्हतो.

पण या दोन वर्षांत करायलाच हवं असं एक काम आहे आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरला तुमच्या मुलाचं नाव, वडलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख कशी लिहिली आहे, ते दहावीचा फॉर्म भरायच्या आधी बघून घ्या. तेच पुढे बोर्डाच्या प्रमाणपत्रावर छापून येतं आणि मग पासपोर्टपासून पेन्शनपर्यंत जो तो तेच मागतो. टक्के दुसऱ्या वर्षी कुणी विचारत नाही. आडनावातलं स्पेलिंग मात्र लोक मरेपर्यंत विचारतात, आणि वारसाच्या दाखल्याच्या वेळी मेल्यानंतरही. प्रमाणपत्र छापून आल्यावर ते सुधारायचं म्हणजे शाळेचं पत्र, प्रतिज्ञापत्र आणि विभागीय मंडळाच्या खेपा.

म्हणून शाळेनं नाव तपासायची चिठ्ठी दिली तेव्हा मी अख्खी सभा पुन्हा बोलावली. आमच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग घरात तीन प्रकारचं आहे. आजोबांच्या पेन्शनबुकात एक 'ए', माझ्या पासपोर्टवर दोन, आणि बायकोच्या बँकेत ज्यानं कोणी टाइप केलं त्याच्या मर्जीनं शेवटी एक 'ई'. आजोबा म्हणाले, मूळ एकच 'ए'. मी म्हणालो, परदेशी जायचं झालं तर वडलांशी जुळायला हवं. आत्या फोनवर म्हणाली, तिच्या ओळखीतल्या अंकशास्त्रवाल्यानं तीन 'ए' सुचवलेत, बेरीज शुभ येते. आजीला स्पेलिंगचं काही नव्हतं. तिनं फक्त विचारलं की तारीख खरी लिहिली आहे ना, की यांच्यासारखी जूनची ठोकून दिली आहे. वाद रात्री साडेदहापर्यंत चालला. अखेर मी कन्येला हाक मारली आणि म्हटलं, चिठ्ठी आण, आपण आता शेवटचं ठरवू.

"ती मी दुपारीच दिली बाईंना," ती म्हणाली. "आधारवर आहे तेच लिहायला सांगितलं होतं सगळ्यांना."

आधारवर काय आहे, ते बघायला आम्ही चौघंही उठलो. कार्ड क्लासच्या फाइलमध्ये होतं आणि फाइल क्लासमध्ये.