डेमो स्पीकरचा बोजा उतरवणे: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (आकृत्या छापायच्या राहिल्या आहेत)

ही मार्गदर्शिका कोणासाठी

अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात (स्थापना २००९) जे ईएनटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनला) आहेत त्यांच्यासाठी. जे तिथेच मेकॅनिकलला आहेत आणि ईएनटीसीवाल्यांवर ज्यांचा काडीचा विश्वास नाही, त्यांच्यासाठीही. आणि ज्यांना दिवाळीत घरी गेल्यावर "इंजिनिअरिंगला आहेस ना? मग एवढं जमत नाही?" असं ऐकवलं जातं त्यांच्यासाठी. तिसऱ्या गटात पहिले दोन्ही येतातच.

रोगाची लक्षणं

दुकानाच्या फळीवर एक ब्लूटूथ स्पीकर दिवसभर तेच ते धिनचॅक संगीत वाजवत बसलेला असतो. मॉडेल जुनं झालं की दुकानदार तो 'डिस्प्ले पीस' म्हणून स्वस्तात काढतो. आपण उड्या मारत घरी आणतो आणि मग गुण कळतात. ब्लूटूथ जोडलं तर टिकत नाही. आवाज एका मर्यादेवर अडतो. गाणं थांबवलं की कंपनीची जाहिरात सुरू. काही पिसांत तर बॅटरीच नसते. दुकानात कायम प्लगला असणाऱ्या वस्तूत बॅटरी कोण घालील?

कोन तोच, अॅम्प्लिफायर तोच, डबाही तोच. फरक बहुतेक वेळा आठ पायांच्या एका फ्लॅश आयसीत असतो. स्पीकरने कसं वागायचं ते सगळं त्यात लिहिलेलं असतं, त्यालाच फर्मवेअर म्हणतात. सातबाऱ्यावर जमीन आपल्याच नावावर असते, पण 'इतर हक्क'मध्ये सोसायटीचा बोजा चढलेला असतो, तसला हा प्रकार. स्पीकर तुमचा, बोजा कंपनीचा. तो उतरवायचा. आणि ज्याच्या घरात एकदा तरी फेरफार झालाय त्याला हे सांगायला नको की नवी नोंद करण्याआधी जुना उतारा हातात लागतो.

साहित्य

१. बिल. त्यावर 'डेमो पीस' असं दुकानदाराकडून लिहून घ्या. बिल नसेल आणि स्पीकर 'असाच मिळाला' असेल, तर ही मार्गदर्शिका तुमच्यासाठी नाही, जिथून मिळाला तिथे परत ठेवून या.

२. सीएच ३४१ए प्रोग्रामर. यूएसबीला लागतो, बोटाएवढा असतो. जवळच्या मंचरात नाही मिळाला तर एसटीने पुणं गाठा आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शिरा. संवाद साधारण असा होतो:

"दादा, तीनशेएक्केचाळीस ए आहे का?"

"काळा का हिरवा?"

इथे नवशिका गप्प होतो आणि दुकानदार ओळखतो. उत्तर पायरी ३ मध्ये आहे, जाण्याआधी वाचा.

३. आठ पायांची चिमट्यासारखी क्लिप. आयसी न काढता वाचता यावा म्हणून.

४. मल्टिमीटर, बारीक स्क्रू ड्रायव्हर, संपलेलं एटीएम कार्ड.

५. लॅपटॉपवर फ्लॅशरॉम हे मोफत सॉफ्टवेअर.

६. टॉर्च धरायला एक रूममेट. सल्ला न देणारा मिळाला तर उत्तमच, पण त्यावर अडून बसू नका.

पायऱ्या

पायरी ०. आधी बटणं दाबून बघा. बऱ्याच मॉडेलांत डेमो चालू-बंद करायला दोन बटणं एकदम दाबून धरायची सोय असते. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. इथेच काम झालं तर पुढचं वाचू नका, रूममेटला मात्र दिवसभर खपलो असं सांगा.

पायरी १. उघडा. स्क्रू दिसत नाहीत म्हणजे ते रबरी पायाखाली आहेत. कार्डाने कडा सोडवा. झाकण ओढू नका, आत बारीक वायरी असतात. बॅटरी असेल तर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर काढा. लिथियमच्या बॅटरीवर स्क्रू ड्रायव्हर घसरला तर त्यानंतरच्या पायऱ्या अग्निशमन दल करतं.

पायरी २. आयसी ओळखा. मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून नंबर वाचा. '२५' असलेलं नाव, जसं २५क्यू३२, दिसलं की तो आपला. त्याच्या एका कोपऱ्यात टिंब असतं, तिथला पाय क्रमांक एक. क्लिपची लाल वायर त्याच पायावर आली पाहिजे. असा आयसी दिसलाच नाही, तर मेमरी मुख्य चिपच्याच पोटात आहे. स्वस्त स्पीकरांत हे सर्रास असतं. झाकण लावा आणि थेट शंका १ वर जा.

पायरी ३. व्होल्टेज मोजा. नेहमीचा २५क्यू आयसी २.७ ते ३.६ व्होल्टवर चालतो. काळ्या प्रोग्रामरची खोड अशी की तो आयसीला पुरवठा ३.३ चा देतो, पण डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट सोडतो. कित्येक आयसी हे मुकाट्याने सोसतात, म्हणूनच "आमच्याकडे तर चालतं" म्हणणारे भेटतात. १.८ व्होल्टचा आयसी मात्र सोसत नाही, तो उडतो. काही हिरव्या बोर्डांवर व्होल्टेज निवडायची सोय असते, पण रंगावर जाऊ नका, मल्टिमीटर लावा. तपकीर गल्लीतलं उत्तर हेच: "कुठलाही द्या, पण मीटर लावून बघतो."

पायरी ४. वाचा. फ्लॅशरॉमला फक्त वाचायला सांगा. आयसीने आपली ओळख दिली तर अर्धी लढाई जिंकलीत. २५क्यू३२ मधून बरोबर ४ मेगाबाइटची फाइल निघते. फाइलभर नुसतं एफएफ, एफएफ, एफएफ दिसलं तर स्पीकर रिकामा आहे असा शोध लावू नका. बहुतेक वेळा क्लिप नीट बसलेली नसते. आणखी एक गंमत: प्रोग्रामरच्या ३.३ व्होल्टने कधीकधी मुख्य चिपही जागी होते आणि दोघं एकाच तारेवर बोलू लागतात. मग दर वेळी वेगळीच फाइल निघते. अशा वेळी आयसी सोल्डरिंगने उतरवून वाचावा लागतो.

पायरी ५. पुन्हा वाचा. आणि दोन्ही फाइलींचा एसएचए-२५६ जुळवून बघा. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी क्लिप काढून पुन्हा बसवा. जुळल्या, की एक प्रत लॅपटॉपवर ठेवा, एक पेनड्राइव्हवर, एक स्वतःला मेल करा. नाव 'न्यू फाइनल २' असं ठेवू नका, 'मूळ, हात लावू नये' असं ठेवा. शंभरातल्या नव्वद नवशिक्यांना लिहायचीच घाई असते, आणि मंचरच्या दुकानांत 'डेड' म्हणून येणारे बरेचसे स्पीकर त्या घाईचेच असतात. (हा आकडा अंदाजपंचे आहे, घाई खरी आहे.)

पायरी ६. बोजा शोधा. तेच मॉडेल, तीच बोर्डाची आवृत्ती, पण गिऱ्हाइकाला विकलेला असा स्पीकर ज्याच्याकडे आहे त्या मित्राला चहा पाजा. त्याचाही उतारा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक बघा. फरक भरपूर निघतील: सीरियल नंबर, आधी जोडलेल्या फोनांची यादी, ४८ बिटांचा ब्लूटूथ पत्ता. त्यातच कुठेतरी डेमोची नोंद असते.

मित्राची अख्खी फाइल आपल्या आयसीत ओतायचा मोह होईल, तो आवरा. मग दोन्ही स्पीकरांचा पत्ता एकच होतो. एका खोलीत आले की फोन कोणाशी बोलायचं ते ठरवू शकत नाही, आणि तुमची मित्राशी असलेली जोडणीही तुटते. फक्त डेमोपुरता भाग बदला, पत्ता स्वतःचाच ठेवा. काही फर्मवेअर सुरू होताना सगळ्या बाइटांची बेरीज (चेकसम) तपासतं, एक बाइट बदलला तरी रुसतं आणि चालूच होत नाही. मग ती बेरीजही शोधून दुरुस्त करावी लागते, नाहीतर मुकाट्याने पायरी ५ ची फाइल परत टाकायची.

पायरी ७. लिहा. फ्लॅशमध्ये १ चा ० करता येतो, ० चा १ थेट करता येत नाही. त्यासाठी ४ किलोबाइटचा अख्खा तुकडा पुसून पुन्हा लिहावा लागतो. फ्लॅशरॉम हे स्वतःच करतं आणि शेवटी पडताळूनही बघतं. तोपर्यंत क्लिपला हात नाही, केबलला हात नाही, रूममेटलाही हात नाही. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या. लाइट कधी जाईल याचं वेळापत्रक आपल्याकडे नसतं.

पायरी ८. जोडा. बॅटरी, झाकण, स्क्रू. एक स्क्रू उरेल, तो खिशात टाका.

नेहमीच्या शंका

१. हे सगळं न करता मंचरला मोबाईलवाल्याकडे दिला तर? तो आधी "सॉफ्टवेअर मारावं लागेल" म्हणेल. मग पाठ उघडेल, मूळ बोर्ड बाजूला ठेवेल आणि तयार ब्लूटूथ किट टाकून तोच कोन त्याला जोडेल. तुमचा चहा संपायच्या आत स्पीकर मोठ्या आवाजात "द ब्लूटूथ डिव्हाइस इज रेडी टू पेअर" असं ओरडेल. ही पद्धत जास्त शहाणपणाची आहे. फक्त ती रिझ्युमेमध्ये लिहिता येत नाही.

२. जवळच खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिला माझ्या स्पीकरचा त्रास होईल का? जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंतचं आकाश ऐकतात. ब्लूटूथ २४०२ ते २४८० मध्ये बोलतं, म्हणजे तुमची गाणी त्यांच्या पट्ट्यात येत नाहीत. पण स्वस्त चार्जर आणि उघडं सर्किट खालच्या पट्ट्यांत कचरा सोडतात. बोर्डावरचं पत्र्याचं झाकण काढलं असेल तर परत बसवा. दूरच्या दीर्घिकांना तुमच्या चार्जरची ओळख नको.

३. आता आवाज पूर्ण सोडता येईल ना? येईल, सकाळी ६ ते रात्री १०. ध्वनिप्रदूषण नियम २००० हे फर्मवेअरच्या वरचे असतात. शिक्षणसंस्थेभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तसा तो जाहीर असेल तर होस्टेलवर बोजा कायमच. तो उतरवायची क्लिप तपकीर गल्लीत मिळत नाही.

४. स्पीकर सुटला, पण आता वेगळंच काही वाजतंय. ते शेजारच्या खोलीतलं आहे. डेमो असताना तो कोणाचंच ऐकत नव्हता, आता सगळ्यांचं ऐकतो. बहुतेक स्पीकर जोडताना पासवर्ड विचारत नाहीत, आधी जोडेल त्याचं गाणं. भांडून उपयोग नाही, भिंतीपलीकडे चौघं असतात. परीक्षेच्या आठवड्यात फारच झालं तर 'मूळ, हात लावू नये' ही फाइल काढा आणि परत लिहा. स्पीकर पुन्हा जाहिरात वाजवू लागेल आणि तो मागायला कोणी येणार नाही.